दारूबंदी जिल्ह्यातील गोगलगाय

गोगलगाय ही मृगाच्या पहिल्या सरींबरोबर वर्धा जिल्ह्यात प्रकट होणारी, बहुतांशी शाकाहारी, अबोल आणि निर्व्यसनी समजली जाणारी जीवजात आहे. प्राणिशास्त्र तिचे दोन ढोबळ प्रकार मानते: पाठीवर शंख असलेली आणि नसलेली. बागमालक मात्र तीन प्रकार मानतात: आपल्या बागेत जन्मलेली, शेजाऱ्याकडून आलेली आणि नर्सरीवाल्याने रोपाबरोबर फुकट दिलेली. यांपैकी पहिला प्रकार आजवर एकाही बागेत आढळलेला नाही.

तिच्या अस्तित्वाचा पुरावा सकाळी मिळतो. रात्री ज्या जागी झेंडूचे रोप असते त्या जागी सकाळी काडी असते, आणि काडीपासून कुंडीच्या बुडापर्यंत एक चकचकीत रेघ गेलेली असते. कोणताही चोर इतका स्पष्ट माग ठेवून जात नाही. तरीही पहिला संशय बकरीवर जातो.

“झेंडू कोनं खाल्ला?”

“बकरी आली असन.”

“गेट तं बंद होतं.”

“मंग उडी मारून आली असन.”

बकरीनंतर क्रिकेट खेळणारी पोरे, नंतर घरकामाच्या बाई, नंतर नर्सरीवाला असा तपास पुढे सरकतो. गोगलगायीचे नाव शेवटी निघते. ती हळू चालते, आणि हळू चालणाऱ्याच्या हातून एका रात्रीत काही उरकत असेल यावर कचेऱ्यांचे हेलपाटे घातलेल्या माणसाचा विश्वास बसत नाही.

बागेतल्या गोगलगायींत सर्वांत दांडगी म्हणजे तपकिरी शंखाची आफ्रिकन गोगलगाय. तिचे मूळ पूर्व आफ्रिकेत. भारतात ती पोहोचली ती हौसेमुळे. विल्यम बेन्सन नावाच्या शंखप्रेमी साहेबाने १८४७ साली मॉरिशसहून अशा काही गोगलगायी जिवंत कलकत्त्यास आणल्या, आणि त्या तिथल्या चौरंगीतल्या एका बागेत सोडण्यात आल्या. आज देशाच्या बऱ्याच भागांत त्यांचा वंश सुखाने नांदतो. अमेरिकेतही हेच झाले. १९६६ साली मायामीतल्या एका मुलाने हवाईहून तीन गोगलगायी आणल्या आणि त्याच्या आजीने त्या बागेत सोडून दिल्या. सात वर्षांत तिनाच्या हजारो झाल्या आणि त्यांचा नायनाट करायला फ्लोरिडा सरकारला १९७५ साल उजाडले. नातवाने आणलेली प्रत्येक वस्तू जपून ठेवू नये, ही शिकवण आज्यांनी यातून अद्याप घेतलेली नाही.

महाराष्ट्रात हिचा पराक्रम २०२२च्या खरिपात गाजला. लातूर, बीड, उस्मानाबाद या जिल्ह्यांत सोयाबीनच्या कोवळ्या अंकुरांची शेतेच्या शेते तिने साफ केली आणि अनेकांवर दुबार पेरणीची पाळी आली. त्या शेतकऱ्यांचे दुःख खरे होते, त्यात हसण्यासारखे काही नाही. हा लेख आहे तो वर्ध्याच्या लेआउटमधल्या तीस बाय पन्नासच्या प्लॉटवर घर बांधून उरलेल्या चार फुटांत संभार (म्हणजे कोथिंबीर), मेथी, मोगरा आणि शेवंती लावणाऱ्या हौशी बागमालकांबद्दल. त्यांचे नुकसान दहा रुपयांच्या संभाराचे असते. क्षोभ मात्र सात एकर सोयाबीन गेल्याचा असतो.

शत्रूची माहिती असल्याखेरीज बंदोबस्त करता येत नाही. प्रत्येक गोगलगाय एकाच वेळी नर आणि मादी असते. त्यामुळे स्थळे पाहणे, पत्रिका जुळवणे आणि मानपान यांत तिचा वेळ जात नाही. मीलनानंतर दोघीही अंडी घालू शकतात. आफ्रिकन गोगलगाय एका खेपेला शंभरापासून चारशेपर्यंत अंडी ओल्या मातीत घालते आणि अशा खेपा वर्षातून अनेकदा करते. उन्हाळ्यात पारा पंचेचाळिसावर गेला की ती शंखाचे तोंड पापुद्र्याने बंद करून झोपी जाते. ज्यांना झोपायचे नसते त्यांची सोय बागमालकाने आपल्या खर्चाने केलेली असते. वर्ध्यात मार्चअखेर खिडकीला कूलर लागतो. त्याच्या स्टँडखाली विटा असतात आणि त्या विटांवर जूनपर्यंत पाणी ठिबकत असते. भर वैशाखात अखंड ओलावा, सावली आणि वर पंख्याची हवा अशी व्यवस्था घरातल्या माणसांनाही मिळत नाही.

आता उपायांकडे वळू. उपाय दोन प्रकारचे असतात, रासायनिक आणि नैसर्गिक. रासायनिक उपायात मेटाल्डिहाइडच्या गोळ्या येतात. त्या कुत्र्यांना आणि पाखरांनाही बाधतात, म्हणून ब्रिटनने २०२२पासून त्यांचा उघड्यावरचा वापर बंद केला. नैसर्गिक उपायाची व्याख्या थोडी अवघड आहे. ज्यात मारण्याचे काम आपण न करता मीठ, चुना, बदक किंवा शेजारी करतो, तो नैसर्गिक उपाय, अशी ढोबळ व्याख्या चालेल. या उपायांचा प्रसार सकाळी फिरायला जाणाऱ्या मंडळींमार्फत होतो. ज्याच्या घरी एकही कुंडी नाही त्याच्याकडे सर्वांत जास्त उपाय असतात.

पहिला उपाय मिठाचा. मिठाशी वर्ध्याचे नाते जुने आहे. १२ मार्च १९३० रोजी गांधीजी साबरमतीहून दांडीकडे निघाले ते स्वराज्य मिळाल्याशिवाय आश्रमात परतायचे नाही असा निश्चय करून. पुढे त्यांना नवा मुक्काम शोधावा लागला, जमनालाल बजाजांच्या आग्रहाने तो वर्ध्याला पडला आणि १९३६ साली गांधीजी सेवाग्रामी राहायला गेले. ज्या मिठामुळे अहिंसेचे हे पीठ जिल्ह्याला लाभले, तेच मीठ मुठीत घेऊन बागमालक रात्री दबक्या पावलांनी कुंडीपाशी जातो. मीठ पडताच गोगलगायीच्या अंगातले पाणी बाहेर येते, ती फेसाळते आणि वळवळते. बॅटरी धरायला उभे असलेले कुटुंब हे पाहते.

“माय वो! तोंडाले फेस आला तिच्या. पाप लागन ना जी!”

“तूच तं म्हणली मीठ टाका.”

“मी टाका म्हणली. पाहा म्हणली नव्हती.”

पापाची वाटणी होईपर्यंत मीठ पावसाने विरघळून मातीत उतरते. मिठाच्या मातीत रोप सुकते. गोगलगायही मेली आणि रोपही मेले, म्हणजे वादी-प्रतिवादी दोघेही एकाच मुठीत संपले. शेतात वेचलेल्या गोगलगायी मिठाच्या पाण्यात बुडवण्याचा सल्ला कृषी विभाग देतो, तो बादलीतल्या पाण्याबद्दल असतो. सल्ल्यातला बादली हा शब्द बहुतेकांच्या कानापर्यंत पोहोचत नाही.

दुसरा उपाय कुंपणाचा. रोपाभोवती राख, चुना, अंड्याची टरफले किंवा तांब्याची पट्टी यांचे कडे करायचे, म्हणजे गोगलगाय ओलांडत नाही असे सांगतात. राख फार गुणकारी मानली जाते, पण घरोघरी गॅस आल्याने ती मिळत नाही. गावाकडच्या चुलीतून पिशवीभर राख एसटीने आणवली जाते, बसमध्ये ती सहप्रवाशांच्या कपड्यांवर सांडते, आणि उरलेली कुंडीभोवती पसरल्यावर पाच मिनिटांत पाऊस येतो. ओल्या राखेवरून गोगलगाय आरामात जाते.

चुन्याचा पुरवठा पानठेल्यावरून होतो. विदर्भात खर्रा घोटण्यासाठी चुना आणि तंबाखू दोन्ही तिथे असतात, आणि जुन्या काळी तंबाखूचा काढाही किडीवर फवारत. त्यामुळे पानठेलेवाला स्वतःला अर्धा कृषितज्ज्ञ समजतो. कोरड्या, ताज्या चुन्याने गोगलगायीचे अंग भाजते, म्हणून शेताच्या बांधाला चुन्याचा रुंद पट्टा देतात. पण शंख बनवण्यासाठी तिला कॅल्शियम लागते, आणि त्यासाठी ती भिंतीवरची जुनी सफेदी खरवडून खाते. म्हणजे कुंडीभोवती टाकलेला चुना तिला अडवतो आणि कंपाउंडच्या भिंतीला लावलेला चुना तिला पोसतो. दिवाळीला हे दोन्ही चुने एकाच पोत्यातून निघालेले असतात.

अंड्यांच्या टरफलांचा प्रश्न शाकाहारी घरांत बिकट होतो. अशाच एका घरातले सेवानिवृत्त मास्तर आम्लेटच्या गाडीवर पिशवी घेऊन उभे राहिलेले दिसले, तर ‘टरफले न्यायला आलो’ हे स्पष्टीकरण लेआउटमध्ये कुणी ऐकून घेत नाही. तांब्याचे तर्कशास्त्र असे, की गोगलगायीचा चिकट स्राव तांब्याशी भिडला की तिला झटका बसल्यासारखे होते. पट्टी महाग पडते म्हणून देवघरातले ताम्हण मोगऱ्याच्या बुंध्याशी जाते, आणि श्रावणातल्या पहिल्या सोमवारी शोध सुरू होतो.

“ताम्हण कुठं आहे?”

“मोगऱ्याले लावलं.”

“मंग महादेवाले का कुंडीत बसवू?”

इंग्लंडच्या रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीने २०१८ साली या कुंपणांची रीतसर परीक्षा घेतली. तांब्याची पट्टी, अंड्याची टरफले, जाडी रेती, झाडाच्या सालीचे तुकडे आणि लोकरीच्या गोळ्या असे पाच प्रकार लेट्यूसभोवती लावले आणि शेजारी काही रोपे तशीच उघडी ठेवली. नुकसान दोन्हीकडे सारखेच झाले. पुढे २०२२मध्ये त्याच संस्थेने गोगलगायींना कीड म्हणणेच सोडून दिले. त्या बागेतला कचरा कुजवतात, पाखरांना आणि बेडकांना अन्न पुरवतात, तेव्हा त्यांच्यासह नांदायला शिकावे, असे तिचे म्हणणे. दोनशे वर्षांहून जुन्या संस्थेलाही शेवटी शत्रू हटत नसेल तर त्याला मित्र म्हणावे लागते, हे पाहून लेआउटमधल्या बागमालकाला धीर येतो.

तिसरा उपाय बिअरचा. हा जगात सर्वांत प्रसिद्ध आहे. जमिनीत काठोकाठ वाटी पुरायची आणि तिच्यात बिअर ओतायची. आंबलेल्या वासाने गोगलगाय येते, वाटीत पडते आणि बुडते. जिला आपण निर्व्यसनी समजत होतो तिचे खरे रूप इथे कळते. अडचण एकच आहे. वर्धा जिल्ह्यात सत्तरच्या दशकापासून दारूबंदी आहे.

“काका, सोपं आहे. वाटीभर बिअर ठेवा बागेत,” पुण्याचा पुतण्या फोनवर सांगतो.

“अरे, पण आणू कुठून?”

“दुकानातून.”

“बाबू, आमी वर्ध्याले राहतो.”

दारूबंदीचे महत्त्व पुण्यात बसून कळत नाही. आश्चर्य असे, की ‘बागेच्या प्रयोगासाठी’ हे शब्द कानी पडताच जिल्ह्याची सीमा ओलांडून नमुना आणून देण्यास तयार असलेले चारपाच सज्जन त्याच संध्याकाळी गेटशी उभे राहतात. त्यांच्यापैकी कुणालाही बागकामात पूर्वी रस नव्हता. प्रयोग गच्चीवर होतो आणि गोगलगायीच्या वाट्याला बाटली विसळलेले पाणी येते.

कायदा पाळणाऱ्यांसाठी वेगळा मार्ग आहे. गोगलगायीला मद्याचे आकर्षण नसते, तिला ओढ असते ती आंबण्याच्या वासाची. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी संशोधनात पीठ, पाणी आणि यीस्ट यांची आंबलेली कणीक गोगलगायींना ओढण्यात चांगलीच यशस्वी ठरली. ही कणीक स्वस्त असते, विषारी नसते आणि तिला परवाना लागत नाही. तिचा एकमेव दोष असा, की झाकण ठेवलेल्या डब्यात ती फसफसते आणि वास कंपाउंडबाहेर जातो. मोहाचा सडवा नष्ट केल्याच्या बातम्या ज्या जिल्ह्यात रोज छापून येतात, तिथे या वासाचा अर्थ लावायला कुणाला वेळ लागत नाही.

“काय आंबवून रायले काकाजी?”

“काही नाही, गोगलगायीसाठी आहे.”

“हो, समदे असंच म्हणतात.”

चौथा उपाय स्थलांतराचा. याला जिल्ह्यात मोठी परंपरा आहे. सेवाग्राम आश्रमात साप निघाला तर त्याला न मारता लांब चिमट्याने पकडून दूर सोडत असत, आणि तो चिमटा आजही तिथे पाहायला मिळतो. गोगलगायीला हीच वागणूक द्यावी असे अहिंसावादी बागमालकास वाटते. फक्त त्याच्या कोशात ‘दूर’ म्हणजे भिंतीपलीकडे. यात एक शास्त्रीय अडचण आहे. इंग्लंडमधल्या डेव्हन परगण्यातल्या रूथ ब्रुक्स या आजींनी गोगलगायींच्या शंखांवर नेलपॉलिशचे ठिपके लावले, त्यांना बागेपासून दूर सोडले आणि किती परत येतात ते मोजले. बऱ्याच परतल्या. या कामासाठी त्यांना २०१० साली बीबीसीच्या हौशी शास्त्रज्ञांच्या स्पर्धेत पहिला मान मिळाला. पुढच्या अभ्यासात असे निघाले, की गोगलगाय वीस मीटरहून लांब नेली तर सहसा परत येत नाही.

वीस मीटर म्हणजे सुमारे पासष्ट फूट. पन्नास फुटांच्या प्लॉटच्या हिशेबाने शेजाऱ्याकडे टाकलेली गोगलगाय दोन-तीन रात्रींत घरी येते. ती कायमची जावी असे वाटत असेल तर शेजारी सोडून त्याच्या शेजाऱ्याच्या अंगणात नेम धरावा लागतो. इतके अचूक फेकणारे हात निवृत्तीच्या वयात फारसे उरत नाहीत. शिवाय मधल्या घरातले गृहस्थही त्याच वेळी बनियनवर बाहेर आलेले असतात, त्यांच्याही हातात पिशवी असते, आणि दोघेही एकमेकांना ‘काय म्हणतो पाऊस?’ असे विचारून आत जातात.

पाचवा उपाय नैसर्गिक शत्रूंचा. बदके गोगलगायी आवडीने खातात, पण बदकाला मेथी आणि गोगलगाय यांतला फरक शिकवता येत नाही. कोंबड्या गोगलगायीच्या पिलांबरोबर कालच टोकलेल्या बियाही उकरून काढतात. भारद्वाज हा खरा कामाचा पक्षी. मोठी आफ्रिकन गोगलगायसुद्धा तो खातो. मात्र त्याचे दर्शन शुभ असल्याने तो अंगणात उतरला की सगळे घर त्याला पाहायला धावते आणि तो उपाशीच उडून जातो. काजव्याच्या अळ्याही गोगलगायींवर जगतात. त्यांना अंधार लागतो, आणि चोरांच्या भीतीने अंगणात रात्रभर हॅलोजन जळत असतो.

बाहेरून शत्रू मागवण्याचा प्रयोगही जगात झालेला आहे. हवाई बेटांवर आफ्रिकन गोगलगायीला आवरण्यासाठी १९५५ साली गोगलगायी खाणारी अमेरिकी गुलाबी गोगलगाय आणून सोडली. तिने दांडग्या आफ्रिकन भगिनींच्या फारसे वाटेला न जाता स्थानिक, लहान, गरीब गोगलगायी खाल्ल्या. १९७०च्या दशकात ताहिती आणि मोरेआ बेटांवर तेच पुन्हा केले गेले आणि तिथल्या पार्टुला नावाच्या सुंदर गोगलगायींच्या अनेक जाती नामशेष झाल्या. गुंडाच्या बंदोबस्ताला दुसरा गुंड बोलावला की मार गल्लीतल्या गरिबाला बसतो, हे समजायला तिथवर जाण्याची गरज नव्हती. कोणत्याही वॉर्डातला मतदार हे सांगू शकला असता.

सहावा उपाय निंबोळीचा. वर्ध्यात कडुलिंबाला तोटा नाही. पाच टक्के निंबोळी अर्क फवारल्याने पान कडू होते आणि गोगलगाय काही काळ तोंड फिरवते. पाऊस पडला की कडूपणा धुऊन जातो. गोगलगाय पावसातच येत असल्याने फवारणी आणि सर यांची शर्यत लागते. या शर्यतीत गोगलगाय पंच असते.

सातवा आणि शेवटचा उपाय हाताने वेचण्याचा. हा सर्वांत स्वस्त आहे, खात्रीचा आहे आणि म्हणूनच सर्वांत कमी वापरला जातो. कृती अशी: संध्याकाळी गोणपाट गुळाच्या पाण्यात भिजवून कुंड्यांच्या मध्ये पसरावा. रात्री गोगलगायी त्याखाली गोळा होतात. उन्हे चढण्यापूर्वी गोणपाट उचलून त्या वेचाव्यात आणि साबणाच्या किंवा मिठाच्या पाण्याच्या बादलीत बुडवाव्यात, नंतर खोल खड्ड्यात पुराव्यात. हातमोजे घालणे आवश्यक आहे, कारण आफ्रिकन गोगलगायीच्या अंगात मेंदूला अपाय करणारा एक सूक्ष्म जंत असू शकतो. त्याच कारणाने संभार, पालक, मेथी तीन पाण्यांनी धुवावी. मातीत साबुदाण्यासारखी पिवळसर पांढरी अंडी दिसली तर ती तिथेच चिरडावीत. झाडांना पाणी सकाळी घालावे, म्हणजे रात्रीपर्यंत माती वरून सुकते. कुंड्यांखालच्या विटा, फुटके माठ आणि ‘कधीतरी कामाला येईल’ म्हणून ठेवलेल्या फरश्या हलवाव्यात.

यातली शेवटची सूचना कुटुंबात सर्वाधिक वाद निर्माण करते. फुटक्या माठाला हात लावला की सासूबाई उठतात, आणि फरशीला हात लावला की सासरे. बादलीत कुणी बुडवायचे हा दुसरा वाद. गूळ घालायला सगळे तयार असतात, गोणपाट पसरायला दोघे, वेचायला एक आणि बुडवायला कुणीच नसते. मग हे काम पोराकडे येते. त्याला नेमके त्याच सकाळी ट्यूशन असते.

तेव्हा उपायांचा निकाल सरळ आहे. मीठ, राख, टरफले, तांबे आणि बदके यांच्यावर खर्च होतो, कणकेने थोडे साधते, बदनामी जास्त होते, आणि गोणपाटाने काम होते. अट एवढीच, की गोणपाट जून ते सप्टेंबर रोज उचलावा लागतो, रविवारीही. ज्यांना हे जमणार आहे त्यांनी मृग लागण्याआधी कूलरखालच्या विटा उचलून पाहाव्यात आणि सुरुवात तिथून करावी. ज्यांना जमणार नाही त्यांनी निदान वेचलेल्या गोगलगायी शेजाऱ्याकडे टाकू नयेत. त्याने त्याच्या तुमच्याकडे आधीच टाकलेल्या आहेत.